अडखळणारं चित्र आणि हवेतली रांग

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "संशोधनाला प्रश्न मिळतो कुठे?" यावर सल्ले इतके आहेत की मी त्यात भर घालत नाही. त्याऐवजी एका घरगुती तक्रारीचा इतिहास सांगते. तक्रार अशी: लॅपटॉपवरचा सिनेमा वायफायने टीव्हीवर टाकला की चित्र अडखळतं. आवाज पुढे जातो, माणसाचं तोंड मागे राहतं, मध्येच चौकोन चौकोन दिसतात, मग दोन मिनिटं सगळं सुरळीत आणि पुन्हा तेच. राउटरच्या खोक्यावर मात्र '३०० एमबीपीएस' असं ठळक छापलेलं असतं, आणि सिनेमाला लागतात जेमतेम आठ.

आठ मागितले, तीनशे आहेत, तरी पुरत नाहीत. ही विसंगती नीट कळायला अभ्यासकांना सुमारे पंचेचाळीस वर्षं लागली. मी एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं आणि आता रांगांच्या गणितावर पीएच.डी. करते आहे, त्यामुळे या गोष्टीकडे मी रांगेच्या बाजूने बघते. इलेक्ट्रॉनिक्सवाले कदाचित अँटेनाच्या बाजूने सांगतील. चालेल.

आधी थोडा हिशोब. ८ एमबीपीएसची फाइल म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. सिनेमात सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद आणि सरासरी ४० किलोबाइट येतात. नेटवर्कवर माहिती साधारण १५०० बाइटच्या पॅकेटांमधून जाते, म्हणजे एका चित्राची सत्तावीसेक पॅकेटं झाली. ती सगळी वेळेत पोचली तर चित्र उमटतं. एकही पॅकेट हरवलं नाही, पण सगळी मिळून ३०० मिलिसेकंद उशिरा आली, तर सात चित्रांची वेळ निघून गेलेली असते. सेकंदाची सरासरी काढलीत तर आठच्या आठ एमबीपीएस भरतील. डोळ्याला मात्र अडखळ दिसेल. ही सरासरीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९७१ सालच्या हवाई बेटांवर चला. हवाई विद्यापीठाचे विभाग निरनिराळ्या बेटांवर पसरलेले होते आणि मोठा संगणक होनोलुलूला. टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नाहीत. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकांनी (हे गृहस्थ समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करता यावं म्हणून हवाईला आले होते, हे त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात) रेडिओने काम भागवायचं ठरवलं. यंत्रणेचं नाव अलोहानेट, वेग सेकंदाला ९६०० बिट. प्रश्न असा होता की सगळे टर्मिनल एकाच रेडिओ वाहिनीवर बोलणार, तर कोणी कधी बोलायचं? प्रत्येकाला ठरावीक वेळ वाटून देता आली असती. पण माणूस टर्मिनलवर बसून क्वचितच काही टाइप करतो, मधला सगळा वेळ वाया जातो. अब्रॅमसननी उलटा मार्ग घेतला. ज्याला बोलायचंय त्याने सरळ बोलावं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बिघडेल आणि पोच येणार नाही. मग थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावं, आणि हा 'थोडा वेळ' प्रत्येकाने नशिबावर सोडावा, म्हणजे पुन्हा तेच दोघं एकदम भिडणार नाहीत.

ऐकायला हा गोंधळ वाटतो, पण त्याचं गणित सुंदर आहे. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त उपयोग १/(२ई) इतकाच होतो, म्हणजे १८.४ टक्के. सगळ्यांनी ठरलेल्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात केली तर तो दुप्पट, ३६.८ टक्के. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पॉयसाँ वितरण घेऊन हे एकदा स्वतः काढून बघावं, अर्ध्या पानात होतं. आपल्या तक्रारीचा पहिला धागा इथे सापडतो. अनेकांनी मिळून वापरायच्या हवेत छापील वेग आणि पदरात पडणारा वेग यांत अंतर असतंच, यंत्र कितीही चांगलं असलं तरी.

पुढचा माणूस पीएच.डी.वाल्यांनी ओळखून ठेवावा असा. रॉबर्ट मेटकाफ. १९७२ साली त्यांनी हार्वर्डला प्रबंध सादर केला, आणि समितीने तो नाकारला. कारण: सैद्धांतिक भाग कमी पडतो. तोवर कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी ठरलेली होती, ती तशीच राहिली. त्याच वर्षी वॉशिंग्टनला एका मित्राकडे मुक्कामी असताना, झोप येईना म्हणून हाताला लागलेला एक परिषदेचा ग्रंथ त्यांनी उघडला. त्यात अब्रॅमसनचा शोधनिबंध होता. मेटकाफना त्यातलं एक गृहीतक खटकलं. उत्तर आलेलं नसतानाही माणसं नव्या मजकुराची भर टाकतच राहतात, असं त्या गणितात धरलं होतं. खरी माणसं तसं करत नाहीत. अडकली की थांबतात, वाट बघतात. हे थांबणं गणितात घेतलं तर सगळा हिशोब बदलतो, आणि गर्दी वाढेल तशी थांबण्याची मुदत वाढवत नेली तर यंत्रणा कोसळत नाही. हा भाग घातल्यावर १९७३ मध्ये प्रबंध मान्य झाला. त्याच वर्षीच्या २२ मे रोजी मेटकाफनी पार्कमध्ये एक टिपण लिहिलं, तेच इथरनेटचं जन्मटिपण. दुसऱ्याच्या निबंधातलं एक न पटणारं गृहीतक, आणि त्यातून प्रबंधही सुटला आणि इथरनेटही मिळालं. निबंध वाचताना निष्कर्षाइतकाच वेळ 'असे मानू की' या ओळींवर घालवा, असं माझे मार्गदर्शक सांगतात, आणि उदाहरण नेहमी हेच देतात.

इथरनेट तारेवर चालायचं. तारेवर बोलता बोलता ऐकता येतं, म्हणजे टक्कर झाली की लगेच कळतं आणि दोघंही गप्प बसतात. हवेत हे जमत नाही. स्वतःचा आवाज कानाशी इतका मोठा असतो की दूरवरून येणारा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. त्यामुळे वायफायमध्ये आधी ऐकायचं, शांतता असेल तर नशिबाने ठरलेला वेळ थांबायचं आणि मगच बोलायचं, अशी पद्धत आली. बोलून झाल्यावर समोरून पोच आली नाही तर टक्कर झाली असं समजायचं आणि पुढच्या वेळी थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची. त्यातही एक पेच आहे. स्वयंपाकघरातल्या फोनला दिवाणखान्यातल्या लॅपटॉपचा आवाज ऐकूच येत नसेल, तर त्याला वाटतं हवा मोकळी आहे. मधल्या राउटरला मात्र दोघांचे आवाज एकमेकांवर आदळलेले मिळतात. तोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये हा लपलेल्या टर्मिनलचा प्रश्न मांडला. तेव्हा घरात वायफाय सोडा, संगणकही नव्हता.

मग मधे बरीच वर्षं यात मोठं काही घडलं नाही, कारण हवाच मिळत नव्हती. रेडिओ लहरी वापरायच्या म्हणजे सरकारी परवाना हवा. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या एफसीसीने तीन पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यामागे मायकेल मार्कस या अभियंत्याचा आग्रह होता. यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे रेडिओवाल्यांच्या लेखी जवळजवळ उकिरडा. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच भागात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. तिथे दुसरं कोणी यायला तयार नव्हतं म्हणून तो फुकट मिळाला. आजही ओव्हन सुरू असताना चित्र अडखळत असेल तर त्याचं मूळ या निर्णयात आहे. घरगुती ओव्हनचा मॅग्नेट्रॉन साधारणपणे विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागातच लहरी सोडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अंदाजे १० मिलिसेकंद गोंगाट आणि १० मिलिसेकंद शांतता. वायफाय त्या फटीतून वाट काढतं, पण धापा टाकत.

१९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, वेग १ ते २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ११ एमबीपीएसचं ८०२.११बी आलं, आणि 'वायफाय' हे नावही त्याच सुमाराचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झची ऐसपैस जागा मिळायला ऑक्टोबर २०१८ उजाडावं लागलं. आपल्या इमारतींमध्ये अजून बहुतेक घरांची गर्दी २.४ वरच दिसते, त्यामागे हे एक कारण आहे असं मला वाटतं. २.४ मध्ये वाहिन्यांचे क्रमांक १ ते १३ असले तरी एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. वीस फ्लॅटची इमारत आणि तीन वाहिन्या. तुमच्या शेजारचा राउटर तुमच्याच वाहिनीवर असेल तर तो तुमचा पासवर्ड जाणत नसला तरी तुमच्याच रांगेत उभा असतो.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते. २००३ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या चौघांनी, ह्यूस, रूसो, बर्जे-सबातेल आणि दुदा यांनी, एक छोटा निबंध लिहिला. विषय ८०२.११बी मधली कामगिरीची विसंगती. त्यांनी पाहिलं ते असं. एका राउटरला काही संगणक जोडलेले आहेत, सगळे जवळ, सगळे ११ एमबीपीएसवर. त्यातला एक उठून लांबच्या खोलीत गेला. सिग्नल क्षीण झाला म्हणून त्याने आपला वेग १ एमबीपीएसवर आणला. त्याचं त्याला भोगू दे, असं आपल्याला वाटतं. पण प्रत्यक्षात सगळ्यांचाच वेग कोसळतो.

का, ते नळाच्या उदाहरणाने लगेच कळतं. चाळीत एकच नळ आहे आणि नियम असा की प्रत्येकाने आपल्या पाळीला एक हंडा भरायचा. नियम न्याय्य आहे. पण एका बाईंच्या हंड्याचं तोंड इतकं चिंचोळं आहे की तो भरायला इतरांच्या अकरापट वेळ लागतो. पाळी सगळ्यांना एकेकच मिळते, हंडाही एकच भरतो, आणि तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या घरी सारखंच थोडं पाणी येतं. वायफायचा नियम हाच आहे: बोलण्याची संधी सगळ्यांना समान. आकड्यांत बघा. १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट. ११ एमबीपीएसने पाठवायला १.१ मिलिसेकंद, १ एमबीपीएसने १२ मिलिसेकंद. एक जलद आणि एक संथ असे दोघंच असले तरी एका फेरीला १३.१ मिलिसेकंद लागतात, आणि त्यात प्रत्येकाचं एकेकच पॅकेट जातं. मधले थांबे धरले नाहीत तरी दोघांनाही मिळतात सुमारे ०.९ एमबीपीएस. अकरावाल्याला ०.९! हे गणित बारावीतल्या मुलीलाही करता येईल. पण मानक येऊन सहा वर्षं झाली होती, आणि तोवर ते असं स्वच्छ मांडलेलं नव्हतं. 'समान संधी' म्हणजेच न्याय, असं सगळे धरून चालले होते. वेग दहापटीने वाढले तरी आजही प्रमाण तेच राहतं. मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेला जुना फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप घेत असतो, आणि दिवाणखान्यात सिनेमा अडखळतो.

उपाय दिसायला सोपा आहे: हंडे मोजू नका, मिनिटं मोजा. प्रत्येकाला नळावर सारखा वेळ द्या. चिंचोळ्या हंड्याला कमी पाणी मिळेल, पण इतरांचा तोटा होणार नाही. हे प्रत्यक्ष घरगुती राउटरमध्ये उतरायला मात्र चौदा वर्षं लागली, कारण वाटेत आणखी एक भानगड उभी होती. ती म्हणजे रांगेची लांबी.

तिचा इतिहास समजायला १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये जावं लागतं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड. त्यांच्यामधला डेटाचा वेग ३२ किलोबिटवरून अचानक ४० बिटवर आला. किलोबिट नव्हे, बिट. व्हॅन जेकबसन यांनी शोधलं की जाळं तुंबल्यावर प्रत्येक संगणक पॅकेट हरवलं समजून तेच पुन्हा पाठवत होता, त्यामुळे तुंबणं आणखी वाढत होतं. त्यांनी टीसीपीला शिस्त लावली: पॅकेट हरवलं की समजावं पुढे गर्दी आहे, आणि वेग कमी करावा. इंटरनेट तगलं ते या शिस्तीवर. पण तिच्यात एक अट दडलेली होती. गर्दी झाली तर पॅकेट हरवलं पाहिजे, तेही लवकर.

पुढे मेमरी स्वस्त झाली. उपकरणं बनवणाऱ्यांना वाटलं, पॅकेट हरवणं वाईट, तर रांगेला भरपूर जागा देऊ. लिनक्समध्ये जाळ्याच्या कार्डासमोर १००० पॅकेटांची रांग ही वर्षानुवर्षं ठरलेली गोष्ट होती. १००० गुणिले १२,००० म्हणजे १ कोटी २० लाख बिट. १० एमबीपीएसच्या वाटेवर ही रांग भरली तर शेवटच्या पॅकेटला १.२ सेकंद थांबावं लागतं, आणि वायफाय १ एमबीपीएसवर घसरलं तर १२ सेकंद. पॅकेट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता लागत नाही, म्हणून तो आणखी पाठवतो. २०१० मध्ये जिम गेटिस घरून मोठ्या फाइली पाठवत होते. त्यांच्या लक्षात आलं की एरवी काही मिलिसेकंदांत येणारं उत्तर एक सेकंदाहून जास्त वेळ घेतंय. गेटिस हे एक्स विंडो यंत्रणेच्या मूळ कर्त्यांपैकी, एचटीटीपी १.१ च्या संपादकांपैकी. असा माणूस हे बघून "आज नेट स्लो आहे" म्हणून सोडून देत नाही. त्यांनी मोजमापं घेतली, जुन्या जाणत्यांना दाखवली आणि या रोगाला नाव दिलं: बफरब्लोट, म्हणजे रांग फुगणं. त्यांचं सर्वांत टोचणारं निरीक्षण असं की हा दोष एका ठिकाणी नव्हता. मोडेममध्ये होता, राउटरमध्ये होता आणि त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्येही होता.

इतकी वर्षं हे कोणाला दिसलं कसं नाही? यावर माझं मत जरा कडक आहे. सगळे थ्रूपुट मोजत होते. दहा सेकंद फाइल पाठवा, एकूण बिट भागिले दहा, झाला निकाल. फुगलेल्या रांगेने हा आकडा उलट किंचित सुधारतो! जे मोजलं जात होतं ते छान दिसत होतं आणि जे माणसाला जाणवत होतं ते कोणी मोजत नव्हतं. वर ज्या सरासरीबद्दल लक्षात ठेवा म्हटलं, ती हीच. तुम्ही उद्या प्रयोगाची मांडणी करायला बसाल तेव्हा सरासरीशेजारी ९५ वा आणि ९९ वा शतमानही काढा. बऱ्याचदा निबंधाचा विषय तिथे सापडतो.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली. तिचं मर्म असं की रांग किती लांब आहे हे बघूच नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघा. लांब रांग वाईटच असते असं नाही. एसटी स्टँडवर गाडी लागली की रांग एकदम मोठी दिसते आणि पाच मिनिटांत ओसरते, ती चांगली रांग. जी दिवसभर तेवढीच राहते ती वाईट. कोडेल १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत थांबण्याची किमान वेळ बघतं. ती किमान वेळसुद्धा ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली तर रांग मुरलेली आहे असं समजून पॅकेटं टाकायला लागतं. सरासरी न घेता किमान घेतली, ही त्यातली खुबी. त्याच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारं रूप आलं, त्यात सिनेमाचं पॅकेट बॅकअपच्या हजार पॅकेटांमागे उभं राहत नाही.

तारेवर हे चाललं, वायफायवर अडलं. ८०२.११एनपासून वायफाय एकेक पॅकेट पाठवत नाही. संधी मिळाली की अनेक पॅकेटांचा गठ्ठा बांधून पाठवतं, आणि गठ्ठा बांधण्यासाठी ड्रायव्हरच्या आत वेगळी रांग ठेवतं. वर तुम्ही कितीही शहाणी रीत बसवा, खालची रांग फुगलेलीच. ही गाठ सोडवली ती स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातल्या टोके होइलँड-यॉर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांत गेटिसबरोबर ही चळवळ उभी करणारे डेव्ह टॅट होते. टोके तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. २०१७ च्या त्यांच्या निबंधात दोन्ही धागे एकत्र आले: खालची रांग वर आणली, तिला कोडेलची शिस्त लावली, आणि प्रत्येक उपकरणाला हंडे न मोजता मिनिटं मोजून वेळ दिला. गर्दीच्या वेळचा उशीर सुमारे दहापटीने उतरला. ग्रेनोबलच्या विसंगतीला नाव घेऊन दिलेलं हे उत्तर होतं. आणि ते नुसतं कागदावर राहिलं नाही, लिनक्सच्या गाभ्यात गेलं. तुमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीची बऱ्यापैकी नवी आवृत्ती चालत असेल, आणि चिपचा ड्रायव्हर त्यासाठी बदललेला असेल, तर हे काम तुमच्या घरात सुरू आहे.

आता दिवाणखान्यात परत. चित्र अडखळत असेल तर नवा राउटर आणण्याआधी तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावून बघा. तरीही अडखळली तर नेटवर्क निर्दोष आहे. टीव्हीला ती फाइल उलगडणं झेपत नाही, किंवा सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा ६० हर्ट्झच्या पडद्यावर बसवताना चित्रं एकदा तीन ठोके, एकदा दोन ठोके अशी दाखवली जातात आणि कॅमेरा फिरतो तेव्हा हिसके जाणवतात. पेनड्राइव्हवर सुरळीत चालली, तर मग हवेकडे वळा.

फाइल पाठवणं आणि पडदा जसाच्या तसा दाखवणं यांत मोठा फरक आहे. फाइल पाठवताना टीव्ही काही सेकंदांचा साठा जवळ ठेवू शकतो, अर्ध्या सेकंदाचा खंड त्यात मुरतो. मिराकास्टसारख्या पद्धतीने पडदाच दाखवायचा असेल तर लॅपटॉपला प्रत्येक चित्र त्या क्षणी पुन्हा आवळावं लागतं, आणि साठा ठेवता येत नाही, नाहीतर माउस हलवल्यावर बाण दोन सेकंदांनी हलेल. म्हणून सिनेमासाठी पडदा दाखवू नका, फाइल पाठवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

पुढचा उपाय स्वस्त आणि अनाकर्षक आहे: लॅपटॉप ते राउटर लॅनची तार. दोन्ही टोकं वायफायवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून टीव्हीकडे, तेही बहुधा एकाच वाहिनीवर. एक टोक तारेने जोडलं की हवेवरचा बोजा निम्मा होतो. तार नकोच असेल तर दोन्ही उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या. मध्ये दोन जाड भिंती असतील तर ते पोचणार नाही. मग टीव्ही आणि राउटर एका खोलीत आणणं आलंच. आणि सिनेमा सुरू असताना राउटरला पिंग करून बघा. उत्तरं पाच-दहा मिलिसेकंदांत येत असताना मध्येच काही शेकड्यांत जात असतील, तर घरातलं कोणतं उपकरण त्या वेळी काय पाठवतंय ते शोधा. त्याला झोपवलंत आणि आकडे खाली आले, की चिंचोळा हंडा सापडला.

एवढं सगळं झाल्यावरही एक बाजू उघडी राहते. २०१७ चं काम राउटरच्या रांगेला शिस्त लावतं. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या पॅकेटांची रांग लॅपटॉपच्या आत असते, तिच्यावर राउटरचा ताबा नसतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एएक्समध्ये, म्हणजे वायफाय ६ मध्ये, राउटरने उपकरणांना बोलण्याच्या वेळा नेमून देण्याची सोय आली. अब्रॅमसननी जे टाळलं होतं तेच पन्नास वर्षांनी परत आलं. पण त्या वेळा कोणत्या हिशोबाने नेमायच्या हे मानक सांगत नाही. ते चिप बनवणाऱ्यावर सोडलंय, आणि तो हिशोब सहसा बंद फर्मवेअरमध्ये असतो. बाहेरून फक्त पॅकेटांच्या वेळा टिपून आतला नियम ओळखायचा, हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे. सध्या टेबलावर दोन राउटर, चार जुने फोन आणि भरपूर नोंदी आहेत.